ओशन बीचवर उतरण्याआधी: समुद्राचा अंदाज वाचायचा कसा

सॅन फ्रान्सिस्को शहराची पश्चिम कड म्हणजे ओशन बीच. साडेपाच किलोमीटर लांब, सरळसोट पुळण आणि समोर उघडा पॅसिफिक. मी तिथून चालत सात मिनिटांवर राहते, त्याला बारा वर्षं झाली. त्यातली पहिली तीन वर्षं मी इथल्या पाण्यात पाऊल टाकलं नाही. शिकत होते ती दक्षिणेला, पॅसिफिका गावच्या लिंडा मार बीचवर. इथे नुसती वाळूच्या टेकाडावर उभी राहून लाटा बघत होते. त्या तीन वर्षांच्या बघण्याचा मला आजही सगळ्यात जास्त उपयोग होतो.

बे एरियातल्या मराठी घरांमधली बरीच मुलं-मुली आता सर्फिंग करतात. कोणी गोव्यात मांद्रे-अश्वेला पहिले धडे घेऊन आलेलं असतं, कोणी सांताक्रूझला. अधूनमधून एखादा निरोप येतो: "ताई, ॲपवर सहा फूट दाखवतंय, ओशन बीचला जाऊ का?" याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. सहा फूट म्हणजे इथे कधी निवांत सकाळ असते आणि कधी जिवावरचा प्रसंग. आकडा तोच असतो, त्यामागचा समुद्र वेगळा असतो.

हा लेख कोणासाठी आहे ते आधीच स्पष्ट सांगते. डोक्यापेक्षा उंच लाट फुटत असताना ज्यांना बोर्ड घेऊन तिच्याखालून पलीकडे जाता येतं, लीश (बोर्ड पायाला बांधणारी दोरी) तुटली तर बोर्डाशिवाय पोहत काठ गाठता येतो आणि दहा-बारा अंशांच्या पाण्यात ज्यांचा श्वास ताब्यात राहतो, त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी शेवटचा भाग तेवढा नक्की वाचावा. तो आपल्या आईबाबांसाठी आहे.

ठिकाणाची ओळख

बऱ्याच प्रसिद्ध सर्फिंग ठिकाणी लाट एखाद्या खडकाच्या रांगेवर किंवा भूशिराच्या टोकाला फुटते. ती जागा ठरलेली असते आणि बाजूने खोल पाण्यातून बाहेर जायची वाटही असते. ओशन बीचवर असं काही नाही. इथे लाट फुटते वाळूच्या दांड्यांवर, आणि ते दांडे सरकत असतात. बाहेर एक दांडा, आत दुसरा, मध्ये खोलगट पट्टा. बाहेरच्या दांड्यावर फुटलेली लाट आत येते, थोडी सावरते आणि आतल्या दांड्यावर पुन्हा फुटते. मोठ्या दिवशी काठापासून चारशे मीटरपर्यंत पांढऱ्या फेसाच्या ओळीच ओळी दिसतात, आणि त्या सगळ्या ओलांडून गेल्याशिवाय पहिली लाट मिळत नाही.

वाळू इतकी का, याचं उत्तर उत्तरेला आहे. सॅन फ्रान्सिस्को उपसागराचं पाणी दिवसातून दोनदा गोल्डन गेटच्या जेमतेम दीड-दोन किलोमीटर रुंद तोंडातून आत-बाहेर करतं. ओहोटीला बाहेर पडणारा लोंढा वाळू ओढून आणतो आणि मोकळ्या समुद्रात जोर ओसरला की टाकून देतो. त्यातून तोंडाबाहेर घोड्याच्या नालेसारखा वाळूचा मोठा उंचवटा तयार झाला आहे. त्याला सॅन फ्रान्सिस्को बार म्हणतात. त्याची उत्तरेकडची बाजू पोटॅटो पॅच या नावाने नावाड्यांमध्ये कुप्रसिद्ध आहे. दूरवरून येणारी लाट या उंचवट्यावरून जाताना वाकते. कुठे तिचा जोर एकवटतो, कुठे पांगतो. म्हणून एकाच सकाळी उत्तर टोकाच्या केलीज कोव्हला छातीएवढी लाट असते आणि दोन-तीन किलोमीटर दक्षिणेला तिच्या दुप्पट.

पुळणीला लागून असलेल्या सनसेट भागातल्या आडव्या रस्त्यांची नावं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने आहेत: अर्व्हिंग, ज्यूडा, कर्कहॅम, लॉटन, मोरागा, नोरिएगा, ऑर्टेगा, पाचेको, असं करत टाराव्हलपर्यंत आणि पुढे. ही नावं पाठ करा. पाण्यात असताना आपण किती वाहत गेलो ते याच हिशेबाने कळतं. ज्यूडाला उतरलात आणि वीस मिनिटांत समोर लॉटन दिसायला लागला, तर प्रवाह दोन रस्ते दक्षिणेला घेऊन गेला.

महिना कोणता?

कोकणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की दर्या हळूहळू शांत होत जातो. इथलं चक्र वेगळं आहे. एप्रिल ते जून वायव्येचा वारा पाणी घुसळून काढतो. काठावरचं वरचं पाणी बाहेर लोटलं जाऊन खालचं थंडगार पाणी वर येतं, त्यामुळे वर्षातलं सगळ्यात थंड पाणी वसंतात मिळतं. जुलै-ऑगस्ट धुक्याचे. मग ऑक्टोबर-नोव्हेंबर, आपल्या दिवाळीच्या आगेमागे, इथला खरा हंगाम उघडतो: उत्तर पॅसिफिकमध्ये पहिली वादळं सुरू झालेली असतात आणि काठावर वारा मात्र मंद, बहुतेकदा जमिनीकडून. २०११ सालची जागतिक मालिकेतली स्पर्धा इथे नोव्हेंबरातच झाली, आणि त्याच स्पर्धेत अमेरिकन सर्फर केली स्लेटरने अकरावं विश्वविजेतेपद पक्कं केलं. डिसेंबर ते फेब्रुवारी लाटा सगळ्यात मोठ्या, पण स्वच्छ दिवस कमी.

वादळापासून बोयापर्यंत

अंदाज तीन-चार दिवस आधी सुरू होतो. उत्तर पॅसिफिकचा हवामान नकाशा उघडा आणि कमी दाबाचं केंद्र कुठे आहे, त्याच्या कोणत्या अंगाला वारा आपल्या दिशेने वाहतो आहे, किती वेळ आणि किती लांबीच्या पाण्यावर, ते बघा. वाऱ्याचा जोर, त्याचा वेळ आणि त्याच्याखालच्या पाण्याची लांबी, यावर लाट किती मोठी आणि किती लांब पल्ल्याची होणार ते ठरतं. वादळापासून सुटून दूरवर प्रवास करणाऱ्या या लाटांना सर्फर स्वेल म्हणतात.

आता पीरियड. दोन लाटांच्या माथ्यांमधला सेकंदांतला वेळ म्हणजे पीरियड. माझ्या मते उंचीच्या आधी हा आकडा बघायला हवा. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये साधारण पीरियडच्या वर्गाच्या १.५६ पट असते, आणि लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत तिला तळ जाणवतो. आठ सेकंदांची लाट शंभर मीटर लांब. तिला पन्नास मीटर खोलीवर तळ लागतो. सतरा सेकंदांची लाट साडेचारशे मीटर लांब. तिला सव्वादोनशे मीटरवरच तळ जाणवतो, म्हणजे फॅरॅलोन बेटांच्या पलीकडे, काठापासून चाळीसहून जास्त किलोमीटरवर. तिथपासून ती वाकायला लागते, बारवर जोर एकवटते आणि दांड्यावर येऊन एकदम उभी राहते. म्हणून सारख्याच उंचीची सतरा सेकंदांची लाट नऊ सेकंदांच्या लाटेच्या जवळपास दुप्पट ऊर्जा घेऊन येते, आणि काठाजवळ उंचीही जास्त धरते. ॲपवरचे "सहा फूट" इथेच फसवतात.

लाट कधी पोचणार तेही पीरियडवरूनच कळतं. लाटांचा गट ताशी पीरियडच्या दीडपट सागरी मैल जातो. सतरा सेकंदांचा गट ताशी साधारण साडेपंचवीस सागरी मैल. किनाऱ्याच्या पश्चिमेला साडेतीनशेहून जास्त सागरी मैलांवर ४६०५९ क्रमांकाचा बोया, म्हणजे लाटा मोजणारं तरंगतं यंत्र, आहे. तिथे रात्री आठला आकडे चढले, तर सकाळी दहाच्या सुमारास लाट आपल्या दारात. बारा सेकंदांच्या लाटेला तेच अंतर कापायला वीस तास लागतात. लांब पीरियडची लाट नेहमी आधी येते. सकाळी समुद्र सपाट दिसतो, मधूनच मोठ्या लाटांचा एखादा गट, म्हणजे सेट, येऊन जातो, मग पंधरा मिनिटं काहीच नाही. ही नव्या स्वेलची चाहूल. अशा दिवशी दुपारपर्यंत समुद्र वाढत जातो, आणि सकाळी पाहिलेल्या लाटेच्या हिशेबाने आत गेलेला माणूस तासाभरात वेगळ्याच समुद्रात सापडतो.

सकाळी निघताना दोन बोये बघते. पहिला ४६०२६, शहराच्या पश्चिमेला अठरा सागरी मैलांवर. दुसरा ४६२३७, बारजवळचा. वाकून-वळून नेमकं काय पोचतंय ते हा सांगतो. वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. वेळ बहुतेक ठिकाणी जागतिक प्रमाणवेळेत असते. हिवाळ्यात त्यातून आठ तास आणि उन्हाळ्यात सात तास वजा करा. दिलेली उंची ही सर्वात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे तास-दोन तासांत तिच्या पावणेदोन ते दोनपट एखादी लाट येणारच. ती अपवाद मानू नका, तिच्यासाठी तयारी ठेवा. आणि एकूण उंचीत दूरचा स्वेल आणि जवळच्या वाऱ्याचा खळखळाट दोन्ही मिसळलेले असतात. दहा फुटांच्या आकड्यात सहा फूट स्वेल आणि आठ फूट वाऱ्याच्या लाटा असू शकतात, कारण त्यांची साधी बेरीज होत नाही, वर्गांची होते: छत्तीस अधिक चौसष्ट, शंभर. बोयाच्या पानावर दोन्ही वेगळे दिलेले असतात. तेवढं पान उघडायचा कंटाळा करू नका.

दिशा अंशांत असते आणि ती लाट कुठून येते ते सांगते. २७० म्हणजे नेमकी पश्चिम. २८० ते ३०० इथे चांगली. ३१५ च्या पुढे, म्हणजे वायव्येहून उत्तरेकडे, पॉइंट रेयीज भूशिर बराचसा जोर अडवतं.

वारा

शाळेच्या भूगोलात शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे आठवा. सर्फिंगचं अर्धं गणित तेवढंच आहे. मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, लाटेच्या तोंडावर येतो, तिला थोपवून धरतो, ती स्वच्छ आणि उभी राहून फुटते. खारा वारा मागून ढकलतो आणि लाट वेडीवाकडी कोसळते. ओशन बीचवर सकाळी बहुधा वारा पडलेला असतो. दिवस वर आला की कॅलिफोर्नियाचं मधलं खोरं तापतं, गोल्डन गेटमधून समुद्रावरची हवा आत ओढली जाते आणि दहा-अकरानंतर सगळं बिघडतं. म्हणून इथले लोक उजाडताच पाण्यात असतात.

मतलई वाऱ्याचीही एक दुसरी बाजू आहे. पूर्वेचा वारा पंधरा नॉट्सच्या (ताशी सागरी मैलांच्या) पुढे गेला की लाट पकडताना तुषार थेट डोळ्यांत येतात आणि बोर्ड माथ्यावरच अडकतो. आपण बोर्डावर उशिरा उभे राहतो आणि लाटेबरोबर खाली पडतो. पाच ते दहा नॉट्स उत्तम. हिवाळी वादळाच्या आदल्या दिवशी वारा दक्षिणेकडे वळतो. तो वळलेला दिसला की मी बोर्ड बाहेर काढतच नाही.

भरती-ओहोटी: इथे तिथीचं गणित पुरत नाही

आपल्याकडे तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते: अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीची भांगाची भरती इथेही असते, चंद्र तोच आहे. पण सॅन फ्रान्सिस्कोला दिवसातल्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या एकमेकींहून बऱ्याच वेगळ्या उंचीच्या असतात. सकाळची ओहोटी नावापुरती आणि संध्याकाळची खडखडीत, असं सर्रास होतं. म्हणून रोजचं कोष्टकच बघा. गोल्डन गेटजवळचं भरतीमापन केंद्र १८५४ पासून अखंड नोंदी घेत आलं आहे, त्या कोष्टकावर विसंबायला हरकत नाही.

भरती पूर्ण भरली की दांड्यांवर पाणी खोल होतं, लाट बाहेर न फुटता आत येते आणि थेट काठाच्या वाळूवर आदळते. पूर्ण ओहोटीला लाट पोकळ होते, पण बरेचदा शंभर मीटरची भिंत एकदमच कोसळते. निसटायला बाजू उरत नाही. मला मधली, चढती वेळ आवडते. ओहोटीचा जोर पूर्ण चढलेला असेल तेव्हा केलीज कोव्हच्या बाजूला जाऊ नका. गोल्डन गेटमधून बाहेर पडणारं पाणी समुद्रातून आत येणाऱ्या लाटेच्या विरुद्ध जातं, लाटा जवळजवळ येऊन उभ्या होतात आणि त्या टोकाला ओढ जबरदस्त असते.

दोन सकाळी

समजा पहिल्या सकाळी ४६०२६ वर आठ फूट, नऊ सेकंद, ३१० अंश. वायव्येचा वारा अठरा नॉट्स. दुसऱ्या सकाळी आठ फूट, सतरा सेकंद, २९० अंश. पूर्वेचा वारा पाच नॉट्स. पहिल्या सकाळी समुद्र रागावलेला, काळपट दिसतो. लाटा फार उंच नसतात, पण एकामागून एक येत राहतात. सराईत माणूस दमून परत येतो, हाती काही लागत नाही. दुसऱ्या सकाळी समुद्र काचेसारखा, ऊन पडलेलं, फोटो काढावा असा. आणि बाहेरच्या दांड्यावर तिमजली घराएवढ्या लाटा. धोका दुसऱ्या दिवशी आहे. माझ्या ओळखीतले जेवढे अनुभवी लोक इथे संकटात सापडले, ते सगळे अशाच सुंदर दिवशी.

तुमच्यासाठी मर्यादा कुठे आखायची? या पुळणीवरच्या पहिल्या हंगामात बोयावर पाच फुटांपेक्षा जास्त आणि तेरा सेकंदांपेक्षा लांब असं एकत्र दिसलं तर मी लिंडा मारला जात असे. हा माझा आकडा आहे. तुम्ही तुमचा वहीत लिहून ठेवा, पाण्याकडे बघायच्या आधी. लाट बघितल्यावर तो आकडा हमखास वाढतो.

अर्धा तास वाळूवर

घरचा अंदाज इथवरच. पुढचं वाळूवर उभं राहून. एप्रिल २०२५ पासून लिंकन वे ते स्लोटमधला समुद्राकाठचा रस्ता सनसेट ड्यून्स नावाची बाग झाला आहे, त्यामुळे गाडीत बसून लाटा बघत फिरता येत नाही. हे बरंच झालं. चालत टेकाडावर चढा आणि घड्याळ लावून तीस मिनिटं थांबा. मोठे सेट दहा-वीस मिनिटांनी येतात. पाच मिनिटं बघून निर्णय घेणारा माणूस बहुधा दोन सेटमधली शांतताच बघून जातो.

काय बघायचं? मोठ्या सेटमध्ये किती लाटा आहेत आणि दोन सेटमध्ये किती मिनिटं जातात. लाट एका टोकाकडून उलगडत जाते की सगळी एकदम पडते. फेस न दिसणारे, काळसर, थोडे खवळलेले पट्टे कुठे आहेत. काठावर आलेलं पाणी त्याच वाटेने परत जातं. तीच रिप. जाताना ती तुमची वाट, येताना तुमची अडचण. पाण्यात कोणी असेल तर त्याच्याकडे बघा: फेसात उतरल्यापासून बाहेर पोचायला त्याला किती वेळ लागला, की तो परत आला? एखादी काठी काठापलीकडे टाका आणि प्रवाह तिला कुठे नेतो ते बघा. उत्तरेकडे नेत असेल तर तीन-चार रस्ते दक्षिणेला चालत जाऊन उतरा.

वाळूचे दांडे दर वादळानंतर बदलतात. दक्षिणेला स्लोटजवळ काठ झिजतो आहे, आणि उत्तरेकडची वाळू ट्रकने आणून तिथे टाकली जाते. मागच्या महिन्यात नोरिएगाला छान लाट होती ही माहिती या महिन्यात निरुपयोगी समजा.

उतरल्यावर

जॅक ओनीलने १९५२ साली सर्फिंगचं दुकान काढलं ते याच पुळणीसमोर, आणि इथल्या थंडीतूनच त्याचा वेटसूटचा, म्हणजे थंड पाण्यात अंग ऊबदार ठेवणाऱ्या रबरी पोशाखाचा, उद्योग वाढला. पाणी वर्षभर दहा ते पंधरा अंश. चार-तीन मिलिमीटरचा (धडाला चार, हातापायांना तीन) सूट हे किमान; हिवाळ्यात पाच-चारचा, टोपीसकट, पायात बूट. लीश नवी, जाड. दर हंगामाच्या सुरुवातीला बदलते. बोर्ड नेहमीपेक्षा थोडा लांब घ्या, कारण इथे हात मारण्यातच सगळी ताकद जाते.

सेट संपता संपता, शेवटच्या लाटेच्या फेसामागून निघा. आतल्या दांड्यापलीकडच्या खोलगट पट्ट्यात थांबून श्वास घ्या, पुढचा सेट बघा, मग बाहेरचा दांडा ओलांडा. त्या पट्ट्यात पोचेपर्यंत दम संपला असेल तर तिथूनच परत फिरा. बाहेर पोचल्यावर काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, एक जवळची, एक लांबची. दर दोन-तीन मिनिटांनी नजर टाका.

लाटेने खाली दाबलं तर डोकं दोन्ही हातांनी झाका, कारण पाणी कुठे गुडघाभर आहे ते कळत नाही. झगडू नका, ती आपोआप सोडते. वर आल्याबरोबर आधी एक श्वास, मग समुद्राकडे नजर. मागून दुसरी येतच असते. लीश तुटली तर रिपच्या विरुद्ध पोहू नका. काठाला समांतर सरका, पांढऱ्या फेसाच्या पट्ट्यात या. फेस काठाकडे ढकलतो. आणि थंडीने बोटं जुळेनाशी झाली की पुढच्या लाटेची वाट न बघता निघा. परतीचा प्रवासही तेवढाच लांब आहे.

जे फक्त काठावर उभे राहणार आहेत

पुण्याहून, नाशिकहून आईबाबा येतात, आपण हौसेने त्यांना सूर्यास्त दाखवायला नेतो, आणि आई साडी किंचित वर धरून म्हणते, "जरा पाय भिजवते." जुहूला, गणपतीपुळ्याला आयुष्यभर तेच केलेलं असतं. इथे नको. समुद्र दहा-बारा मिनिटं शांत असतो, मग लांब पीरियडचा सेट येतो आणि पाणी आधीच्या खुणेच्या तीस-चाळीस पावलं वर धावतं. गुडघ्याएवढं पाणी, पण परतताना पायाखालची वाळू घेऊन जातं. धोक्याच्या पाट्यांवर पाण्यात नुसते चालणारेही बुडाले आहेत असं लिहिलेलं असतं, ते खरं आहे. मचाणावर बसलेला जीवरक्षक इथे नाही. गस्त असते, पण साडेपाच किलोमीटरवर ती सगळीकडे एकाच वेळी नसते.

राष्ट्रीय हवामान सेवेच्या माँटेरीच्या कार्यालयाने त्या दिवशी किनारी धोक्याची किंवा उंच लाटांची सूचना दिली आहे का, ते निघण्याआधी बघा. दिली असेल तर टेकाडावरूनच बघा. नसेल तरी ओल्या वाळूच्या वर राहा, फोटोसाठी पाठ समुद्राकडे करू नका, आणि लहान मुलाचा हात हातात ठेवा.

कोणी ओढलं गेलं तर मागे पाण्यात उडी घेऊ नका. तिथे मग दोघांना शोधावं लागतं. एकाने ९११ लावायचा आणि सगळ्यात आधी समोरच्या रस्त्याचं नाव सांगायचं, ज्यूडा, नोरिएगा, टाराव्हल, जे असेल ते. दुसऱ्याने हात लांब करून त्या माणसाकडे बोट रोखून उभं राहायचं आणि मदत येईपर्यंत नजर हलवायची नाही.